काकू हवेत का बंद पडली

१४ डिसेंबर २०२५, रविवार

काकू आज हवेत बंद पडली. मी वर होते, एकटी.

आधी जेवले, मग लिहायला बसले.

क्रमाने लिहिते. सकाळी जयपूरची थंडी भयंकर. निखिल तिलक नगरहून मला न्यायला येणार होता, त्याचा फोनच बंद. मग राजा पार्कातून एकटीच निघाले, झोटवाडा ओलांडून धावपट्टीवर. पंपावर ही रांग, म्हणून थांबले नाही. शेडमध्ये राखीव डबा होता, तोच ओतला. तेल आधीच मिसळलेलं, पन्नासाला एक. ओतल्यावर टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं. स्वच्छ. इंजिन गरम होऊ दिलं, सुई जागेवर आली, निघाले. धावपट्टी सोडून डावीकडे वळले, खाली मोहरी पिवळी, आणि काकू खोकली. परत खोकली. मग काहीच नाही.

खोटं वाटेल, पण पहिला विचार ‘का?’ हा होता. भीती दुसरी आली.

शेखावत सर (यापुढे शे. सर, बोटं गारठलीत) उडायला शिकवताना दर उड्डाणात मध्येच मागून ओरडतात, “बंद!” की आपण लगेच बोट करून दाखवायचं, कुठल्या शेतात उतरणार. इतके दिवस मला वाटायचं, म्हाताऱ्याला छळायची हौस आहे. आज ओरडायला कुणी नव्हतं, पण शेत आधीच ठरलेलं होतं. बाजरी कापून मोकळं झालेलं, कडेला खेजडीची दोन झाडं. उतरले. गचके बसले, मोडलं काही नाही.

शेतवाला धावत आला. “तेल खतम होग्यो कांई, बाईसा?” टाकी अर्धी भरलेली त्याला दाखवली. तोही विचारात पडला.

आणि आता खरी गंमत. शे. सर जीप घेऊन आले, त्यांनी दोरी ओढली, काकू पहिल्याच ओढीला सुरू. जशी काही झालंच नाही.

आई संक्रांतीला येतेय. तिला मागच्या सीटवर बसवायचं कबूल करून बसलेय मी.

१५ डिसेंबर, सोमवार

निखिल ऑफिसात सकाळपासून मागे मागे. “सॉरी यार, मी असतो तर...” तू असतास तर वजन जास्त असतं आणि मी त्या शेतापर्यंत पोचले नसते, असं सांगितलं. काकू आम्हा दोघांची. नाव त्याचंच. त्याच्या नाशिकच्या काकू म्हणे सकाळी उठल्यावर अशाच कुरकुरतात, आणि एकदा लागल्या की दिवसभर थांबत नाहीत. नाव बदलावं लागेल.

आईचा फोन. “मी येतो बघ संक्रांतीला. थंडी लई हाय का? इमानात बसायला सचिनचं जाकीट आनतो.”

सांगितलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस वाचतेय. हे टू-स्ट्रोक इंजिन लोक का वापरतात? वजनाला हलकं, झडपा नाहीत, हलणारे भाग मोजके, बिघडायला जागाच कमी. बरोबर. पण त्याला वंगण वेगळं नाही. पेट्रोलमधूनच तेल आत जातं. म्हणजे पेट्रोल अडलं की वंगणही अडलं. गाडीचं इंजिन आजारी पडतं, कुरकुरतं, आठवडाभर आधी सांगतं. हे सांगत नाही.

दादाला (सचिनला) काकूचा फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणाला होता, “ही तर पतंग लावलेली रिक्षा.” खरं आहे. वर कापडी पंख, खाली तीन चाकांचा गाडा, पुढे मी, मागे एक माणूस, त्याच्या पाठीला इंजिन. मागच्याच्या पाठीला. म्हणजे आईच्या.

२० डिसेंबर, शनिवार

आज काकू उघडली. शे. सर, मी, निखिल.

माझा अंदाज, पिस्टन गरम होऊन सिलिंडरला चिकटला असणार. चूक. धुराच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं, पिस्टन गुळगुळीत, एक ओरखडा नाही. प्लग चारही काढले, चहाच्या रंगाचे, जसे असावेत तसे. ठिणगी व्यवस्थित. निखिलचा अंदाज, हवा कुठून तरी आत शिरतेय. तीही नाही.

फक्त एक. पेट्रोलच्या गाळणीत काळे बारीक कण. रबराचे. नळी आतून मऊ पडलीय, नख लावलं की काळं येतं.

मी एकदम खूश. सापडलं! शे. सर नळी वाकवून बघत बसले. मग म्हणाले, “इतने से कचरे में बंद हो, और फिर पहली बार में स्टार्ट भी हो जाए? हो सकता है. पर मैं शर्त नहीं लगाऊँगा.”

हवाई दलात आयुष्य काढलेला माणूस. शर्त लावत नाही म्हटल्यावर आमची खुशी उतरली.

टाकीतल्या उरलेल्या पेट्रोलपैकी थोडं काचेच्या बरणीत भरून घरी आणलंय. लोणच्याची होती, धुऊन कोरडी केली. का आणलं, सांगता येत नाही. जे जे होतं त्यातलं काही तरी जवळ असावं म्हणून. गॅसपासून लांब, गच्चीवर कोपऱ्यात ठेवलंय.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी गच्चीत गेले आणि दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

बरणीत दोन थर. वर हिरवट, तेलाच्या रंगाचा. तळाला बोटभर, रंग नसलेला, पाण्यासारखा. मध्ये सरळ रेघ.

काल हे नव्हतं. शपथेवर.

निखिलला फोटो पाठवून दुपारी बोलावलं. तो येईपर्यंत ऊन आलं, बरणी तापली, मी जिना चढताना तिला धक्का लागला, आणि रेघ गायब. सगळं एकसारखं हिरवट. निखिल बरणीकडे बघतो, फोटोकडे बघतो, माझ्याकडे बघतो. “मधुरा, तू नीट झोपतेस ना?”

थांब लेका उद्या सकाळपर्यंत.

२२ डिसेंबर, सोमवार

रेघ परत आली. निखिलला सकाळी कडाक्याच्या थंडीत उठवून आणून दाखवली. डोळे चोळत म्हणाला, “मान गए.”

थंडीत वेगळं होतं, उन्हात परत मिसळतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

ऑफिस संपल्यावर प्रयोग. पंपावरून ताजं पेट्रोल आणलं, औषधाच्या ड्रॉपरने पाण्याचे थेंब सोडले. लहानपणी आम्ही पाहिलेलं पेट्रोल पाणी अंगाला लावून घेत नसे, थेंब मण्यासारखे तळाला बसत. दिसत, म्हणून काढून टाकता येत. हे तसं नाही. थेंब पडतो, हलवलं की नाहीसा. आणखी एक, नाहीसा. पितच जातं. मग एका थेंबाला सगळं एकदम गढूळ होतं, आणि खाली थर धरतं.

पेट्रोल बदललंय. आता त्यात उसाचं इथेनॉल असतं. पाणी ते पितंय, आणि पोट भरलं किंवा गारठलं की पाण्याला घेऊन तळाला जाऊन बसतं. टाकीची नळी तळालाच.

म्हणजे काकूच्या घशात जे गेलं ते पेट्रोल नव्हतंच. म्हणून ओरखडा नाही. म्हणून शेतात पहिल्या ओढीला सुरू, तो घोट तोवर संपला होता आणि गचक्यांनी बाकीचं ढवळलं होतं. म्हणून ओतल्या ओतल्या बाटलीत स्वच्छ दिसलं. सगळं बसतंय. आनंदाने एकटीच खोलीत फेऱ्या मारल्या.

दादाला फोन केला. तो उसाचा माणूस, कारखान्याला ऊस घालतो. त्याला सगळं सांगितलं (बंद पडून शेतात उतरल्याचं सोडून, ‘इंजिनाला त्रास झाला’ एवढंच). तर त्याला कोण अभिमान. “म्हंजे तुमच्या जयपुरात आमच्या उसावर इमान उडतंय की!” मी म्हटलं, तुझ्या उसाने पाणी पिऊन घोटाळा केलाय. तर म्हणतो, “ऊस पाणी पितोच की. शेतात काय आनि डब्यात काय.”

२५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. पण पाणी आलं कुठून? सगळी सकाळ यावर. जयपूर, हिवाळा, कोरडी ठणठणीत हवा, शेडला गळती नाही, डब्याची झाकणं घट्ट. निखिलने दवाची शंका काढली. डब्याच्या आत दव पडलं तरी पडून पडून किती पडेल.

मग निखिलच हळूच म्हणाला, “खंडेनवमी.”

अरे देवा.

खंडेनवमीला आम्ही काकूची पूजा केली होती. दोघांनी मिळून, हौसेने. पंख पुसला, गाडा धुतला, झेंडूची माळ, हळदीकुंकू. आणि मग घरातली सवय, पूजेला कुठलंही भांडं खरकटं ठेवायचं नाही. पेट्रोलचे डबेही साबण लावून, आतून विसळून, उपडे करून उन्हात घातले. वर स्वस्तिक काढलं. बाकीचे डबे रोज वापरात, ते कधीच कोरडे झाले. राखीव डबा तेव्हाच भरून कोपऱ्यात ठेवलेला. डब्याची मूठ आतून पोकळ असते. उपडा केला तरी तिच्यात पाणी राहतं आणि सरळ केला की परत आत येतं. आज एका रिकाम्या डब्यावर करून पाहिलं. पेलाभर निघालं.

शे. सरांना सांगायला गेलो, दोघंही मान खाली घालून. त्यांनी ऐकून घेतलं. “पेट्रोल का डिब्बा? पानी से? साबुन लगा के?” मग त्यांना हसू आवरेना. “अरे, पूजा तो हम भी करते हैं. राजपूत हैं, शस्त्र पूजते हैं. पर बंदूक की नली में लोटा थोड़े ही उँडेलते हैं.”

हसून झाल्यावर मात्र पूर्वीसारखंच. “एक कारण मिला है. यही कारण था, ये मत समझना.”

हे वाक्य मला आवडलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

आवडलं नाही म्हणून आज सिद्ध करायला गेले. काकूला कडुलिंबाच्या झाडाला जाड दोराने बांधलं. बरणीतलं आणि राखीव डब्यात राहिलेलं तेच दुष्ट पेट्रोल टाकीत. नळी, गाळणी, तीच जुनी. पहाटेची थंडी. सगळं त्या दिवशीसारखं. इंजिन गरम केलं आणि पूर्ण ताकद दिली. झाड हलायला लागलं, पानं आमच्या अंगावर.

वाट बघतोय खोकल्याची.

नाही खोकली. टाकी संपत आली तरी नाही. दिमाखात चालत राहिली.

मी इतकी चिडले की बंद केल्यावर तिच्या चाकाला लाथ मारली. निखिल म्हणाला, “तू पहिलीच असशील, इंजिन बंद पडलं नाही म्हणून रागावणारी.”

थरथरीने सगळं ढवळून निघालं असेल का? जमिनीवर ती जास्त हादरते, हवेत कमी. असू शकतं. किंवा नळीच. किंवा दोन्ही मिळून. किंवा तिसरंच.

शे. सर: “टू-स्ट्रोक से पूछो क्यों बंद हुआ, तो वो कहेगा, तुम बताओ, पढ़ी-लिखी तो तुम हो.”

३ जानेवारी २०२६, शनिवार

नळ्या नव्या, गाळणी नवी, नळीतला दाबायचा रबरी फुगा नवा. राखीव डबा ही पद्धत बंद. पेट्रोल त्या दिवशीचं त्या दिवशी आणायचं, उरलं तर निखिलच्या बाइकला. डब्यांना पाण्याचा स्पर्श नाही, खंडेनवमी असो की काही असो, हळदीकुंकू बाहेरून.

आज एकटीने उडाले. छान चालली. कान मात्र इंजिनातून निघेनात. आधी मी वर गेले की खाली बघायचे, गावं, आमेरकडचे डोंगर, उंटाच्या गाड्या. आज काही बघितलं नाही. फक्त ऐकलं.

४ जानेवारी, रविवार

परत उडाले. चांगली चालली.

मी एकटी असते तेव्हा हिशेब सोपा आहे. बंद पडली तर उतरेन, एकदा उतरलेय. मागे आई असेल तर? तेच शेत, तीच उंची, मीच. तरी हिशेब तोच राहत नाही. का? गणितात काही बदललेलं नाही, फक्त वजन. निखिलला मागे बसवून कितीदा उडालेय, तेव्हा असलं काही डोक्यात आलं नाही. बिचारा निखिल.

११ जानेवारी, रविवार

आई आली. दादाने पुण्यात गाडीत बसवून दिलं, मी स्टेशनवर घ्यायला. सामान किती, तर दोन पिशव्या, आणि एकीत भडंग, गूळ, दादाचं जाकीट. वय सदुसष्ट, उभी ताठ.

घरात आल्या आल्या सगळीकडे नजर फिरवली. एक कॉट, एक खुर्ची, एक ताट धुऊन पालथं. ताट उचलून परत एकदा धुतलं.

मग: “कवा बसायचं इमानात?”

म्हटलं, संक्रांत होऊ दे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. उडणं बंदच, सगळ्या जयपूरच्या गच्चीवर माणसं आणि आकाशात मांजा. आईला घरमालकिणीने वरच ठेवून घेतलं. आई तिला तिळगूळ देते, ती आईला गोड फीणी खायला घालते, एकीची भाषा दुसरीला येत नाही, दोघींचं दिवसभर जमलं. कुणाचा पतंग कापला गेला की आई “गेला, गेला” म्हणून उठून उभी राहायची.

मला बरं वाटलं. आज विचारणार नाही म्हणून. अशी मी.

१७ जानेवारी, शनिवार

वारा फार आहे म्हटलं. खरं तर फार नव्हता.

आईला धावपट्टीवर नेलं, नुसतं बघायला. इंजिनाजवळ गेली, वास घेतला. “ह्ये तर आपल्या फवारणीच्या पंपासारखं. त्याला बी आसंच तेल घालत्यात.” मग मला: “त्यो पंप दोरी वडून वडून खांदा निखळंस्तवर सुरू हुत न्हाई. ह्यो हुतो न्हवं?”

निखिल शेजारीच. चांगलं हसून म्हणाला, “होतो काकी, त्या दिवशी मधुरा शेतात उतरली तेव्हाही पहिल्याच...” आणि थांबला.

फार उशिरा थांबला.

रात्री भांडी आवरून झाल्यावर आई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. “सांग.”

सांगितलं सगळं. शांतता, शेत, बरणी, पाणी, ऊस, झाडाला बांधणं. तिने मध्ये एकदाच विचारलं, “दुकलं का कुटं तुला?” नाही म्हटलं. शेवटी म्हणाले, कारण बहुतेक सापडलंय, पण खात्री नाही. आणि खात्री झाल्याशिवाय तुला बसवणार नाही.

“खात्री कवा हुनार?”

तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी महिनाभर जे शोधतेय ते सापडण्यासारखं नाहीच.

१८ जानेवारी, रविवार

आई सकाळी चहा करताना, पाठमोरी: “बंद पडलं तर काय हुतंय नक्की? धोंड्यागत खाली येतंय?”

नाही, म्हटलं. तरंगत येतं. घारीसारखं. पंख असतोच ना वर. वेळ मिळतो, जागा बघता येते.

“मग मला तसंच आन.”

म्हणजे?

“वर नेऊन त्यो पंप बंद कर. आनि आन खाली. जे व्हायचं भ्या वाटतंय तुला, ते करूनच दाव. मग भ्या कशाचं?”

मी हसले. ती हसत नव्हती. कोल्हापूरला मंगळवारी निघायचं तिचं तिकीट आहे.

दुपारी शे. सरांना फोन केला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “माताजी बिल्कुल सही कह रही हैं. रनवे के ऊपर, ऊँचाई रखके. तुमने मेरे साथ किया हुआ है.” केलंय. तीनचारदा. पण मागे ते होते.

मंगळवारचं तिकीट पुढच्या सोमवारचं करून घेतलं. तिने हो म्हणायच्या आत.

२१ जानेवारी, बुधवार

ऑफिसात कामात लक्ष नाही. आकडे बघताना बोट करते, कुठे उतरणार. वेड लागायचं बाकी आहे.

एक प्रश्न. इंजिन मी बंद केलं आणि इंजिन आपणहून बंद पडलं, यात पंखाला काय फरक? काही नाही. मला काय फरक? सगळा.

२४ जानेवारी, शनिवार

धुकं. झोटवाड्यातच समोरची बस दिसेना, परत आलो. आई दिवसभर जाकीट घालून घरात. काढ म्हटलं तर म्हणते, सवय करतो.

तिला जाकिटात खुर्चीवर बसलेली बघितलं. नको म्हणावं, असं दिवसभर जिभेवर. म्हटलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज झालं. लिहिते.

आकाश स्वच्छ, वारा नाही. ताजं पेट्रोल, पंपावर मी उभी राहून भरलेलं. टाकीच्या तळाचं बाटलीत काढून दोनदा बघितलं, आईलाही दाखवलं. तिने उजेडात धरलं, दुधात पाणी बघतात तसं. “बरं हाय.”

शे. सरांनी तिला बांधलं, पट्टे ओढले, हेल्मेट. नऊवारीचा काष्टा, वर दादाचं जाकीट. निखिल फोटो काढत होता. इंजिन गरम केलं. सुई जागेवर आली तरी मी बसून. मागून खांद्यावर चापट. निघाले.

चढताना मी तिच्याशी बोलले, आमच्यात बोलायची तार आहे, पण इंजिनाच्या आवाजात नीट कळत नाही. ती काही तरी बोलत होती सारखी, मला शब्द लागत नव्हते. एवढंच ऐकू येत होतं की घाबरलेला आवाज नाही. पुरेशी उंची घेतली, धावपट्टी डाव्या हाताला, अगदी खाली. इंजिन मंद केलं, थंड होऊ दिलं. शे. सरांना रेडिओवर सांगितलं. आणि कळ खाली केली.

इंजिनाचा पंखा दोन गिरक्या घेऊन उभा राहिला.

तीच शांतता. तारांवरून वारा, बाकी काही नाही. खाली कुठे तरी कुत्रं भुंकलं, तेही ऐकू आलं. मला रडू आलं, भीतीने नाही. कशाने ते माहीत नाही, उद्या परवा कळेल.

मागून आईचा आवाज, एकदम स्पष्ट, शेजारी बसल्यासारखा. “मधे, तू हितं एकटीच येतीस व्हय?”

“हो.”

एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. मग तिने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो चाकं टेकेपर्यंत काढला नाही.

उतरले चांगली. शे. सरांनी नमस्कार केला तो तिला, मला नाही.

आता पुढचं. काकूला शेडपर्यंत चालवत न्यावं म्हणून दोरी ओढली. सुरू नाही. परत ओढली. नाही. निखिलने ओढली, शे. सरांनी ओढली, खांदा निखळेस्तोवर. नाही म्हणजे नाही. ताजं पेट्रोल, नवी नळी, नवी गाळणी, पाच मिनिटांपूर्वी मखमलीसारखी चालत होती. म्हणजे वर असताना मी परत सुरू करायला गेले असते, तर...

मी तिथेच गुडघ्यावर बसून प्लगची टोपी काढायला लागले. प्लग ओला. ओला का? गरम इंजिन, पेट्रोल आत सोडणारं झाकण बंद, मग हे पेट्रोल आलं कुठून? का ठिणगीच नाही? शे. सरही वाकले, निखिलही वाकला, तिघांची डोकी एका ठिकाणी.

आई बाजूला उभी राहून जाकिटाची चेन काढत होती. “बगत बसा आता निवांत,” म्हणाली. “मी उतरलोय.”